चालकाशी बोलू नये

बोटीला ब्रेक नसतो, हे घड्याळरावांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही बोट धक्क्यावर आपटल्यावर. धक्क्याला जुने टायर बांधलेले होते म्हणून थोडक्यात निभावलं. जावईबापू बाकावरून थेट खाली बसले, लेक हसून हसून बेजार झाली आणि घड्याळरावांचा उजवा पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर तसाच दाबलेला राहिला. चौतीस वर्षं बस चालवलेला पाय तो, एका सकाळीत थोडाच सुधारणार!

घड्याळराव हे नाव डेपोनं ठेवलेलं. सात-दहाची बस सात-दहालाच हलणार, मग मोठे साहेब धावत येत असले तरी. गाडी चालवताना नजर समोर आणि कुणाशी चकार शब्द नाही. पुढे पुढे ही सवय अंगात इतकी मुरली की घरी जेवतानाही ते भिंतीकडे बघत बसायचे, जणू भिंतीपलीकडे आता चौक लागणार आहे. बायको टेलिफोन ऑफिसात नोकरीला. दिवसभर परक्यांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची आणि संध्याकाळी घरी यावं, तर तिथली लाइन बारा महिने बंद. 'हं' या एका शब्दावर बिचारीनं संसार केला.

घरामागेच तो अफाट तलाव. तलाव म्हणायचं ते पाणी गोडं म्हणून. एरवी पलीकडचा काठ दिसेल तर शपथ. लग्न होऊन आली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मधल्या बेटाकडे बोट दाखवत ती म्हणाली होती, "एकदा तिथे जायचंय मला." घड्याळरावांनी ते ऐकलं होतं. बोलले नव्हते, एवढंच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी बोट विकत घेतली. तीन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली बसून ती खरवडली, फटी बुजवल्या, इंजिन खोलून पुन्हा जोडलं, निळा रंग दिला. डेपोच्या भंगारातून आपल्याच बसचं स्टिअरिंग हुडकून आणलं आणि बसवलं. कालच त्याच्यासमोर बसमधली पत्र्याची पाटीही चार स्क्रूंनी घट्ट लावली: 'चालकाशी बोलू नये'. त्याशिवाय ते चाक त्यांना आपलं वाटेना.

आणि आज, उन्हाळ्यातल्या पहिल्या रविवारी, सगळे लाइफ जॅकेट चढवून तयार झाले, तर बायको म्हणाली, "मी नाही यायची. तुम्ही या फिरून."

"का गं?" घड्याळरावांच्या मानानं हे भाषणच होतं.

"पाण्याची भीती वाटते मला."

ती धक्क्यावरच्या बाकावर छत्री उघडून बसली. घड्याळरावांचं तोंड एवढंसं झालं. तीन वर्षं कंबरडं मोडून घेतलं ते कुणासाठी? पण मनधरणी करायची म्हणजे बोलावं लागतं, आणि तिथेच तर सगळं घोडं अडलेलं. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. वेळापत्रक आखलं. दर तासाला एक फेरी, दर फेरीनंतर याच धक्क्यावर दोन मिनिटं थांबा. कधीतरी चढेलच की! जावईबापूंच्या हातात घंटा दिली, बसमधल्यासारखी: एक ठोका थांबायला, दोन निघायला. दोन ठोके पडले आणि बोट निघाली.

पहिल्या फेरीनंतर ती धडक झाली. घड्याळरावांनी बोटीचं छोटं दार उघडलं, दोन मिनिटं वाट पाहिली. बायकोनं नकारार्थी मान हलवली. दार बंद, दोन ठोके.

दुसऱ्या फेरीपर्यंत इंजिन दूरवरच बंद करायचं हे त्यांना उमगलं होतं. बोट लोण्यासारखी येऊन टेकली. "आई, पाणी काय गार आहे गं! ये ना!" लेक ओरडली. जावईबापू तर पाण्यात पाय सोडून गाणंच म्हणत होते. बायकोला हसू आलं, पण ती काही उठली नाही.

तिसऱ्या फेरीला मात्र बाकाजवळ हातात पिशवी घेतलेले एक गृहस्थ उभे होते. सकाळपासून वेळेवर येणारी-जाणारी बोट बघून ही प्रवासी बोटच, असा त्यांचा पक्का समज झाला होता.

"बेटाला जाते ना ही?" म्हणत त्यांनी एक पाय आत टाकलासुद्धा.

"अहो!" बायको ताडकन उठली. "रांगेत पहिला नंबर माझा आहे. सकाळपासून बसलेय मी!"

आणि छत्री मिटून, कलिंगडाचा डबा सावरत ती चढलीदेखील. गृहस्थही मागोमाग चढले. रांगेतला माणूस मागे सोडून जाणं घड्याळरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

ती नवऱ्याच्या मागच्या बाकावर बसली आणि पाटीकडे बघत म्हणाली, "पाण्याची कसली भीती? सात वर्षांची असल्यापासून पोहतेय मी. काल तुम्हाला ही पाटी लावताना पाहिलं आणि माझं मनच उडालं. चौतीस वर्षं घरात पाळलीय मी ती. आता भर तलावातसुद्धा तुमच्या पाठीकडेच बघत बसायचं?"

घड्याळरावांनी बाकाखालची पेटी ओढली, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पाटी उतरवायला लागले. चौथा स्क्रू काही केल्या हलेना.

"बाबा, साडेबारा वाजून गेले," जावईबापू म्हणाले.

"वाजू देत."

लेकीनं डोळे विस्फारून बापाकडे पाहिलं. अखेर पाटी निघाली. बायकोनं ती हातात घेतली, उलटी केली, पदरानं पुसली आणि तिच्यावर कलिंगडाच्या फोडी मांडून सगळ्यांपुढे फिरवली.

बोट धक्क्यापासून बरीच लांब आल्यावर घड्याळराव म्हणाले, "बोल."

आयुष्यात पहिल्यांदाच तिला काही सुचेना. तेव्हा तेच घसा खाकरून म्हणाले, "सात-दहाच्या फेरीला वळणावर हे बेट दिसायचं. रोज. रोज वाटायचं, तुला आणायला हवं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"गाडी चालवत होतो ना."

ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते बघायला घड्याळराव चौतीस वर्षांत पहिल्यांदा चाकावरून पूर्ण मागे वळले. बेट केव्हा पुढ्यात आलं ते दोघांनाही कळलं नाही. शेवटी जावईबापूंनीच घाईघाईनं एक ठोका दिला.