नारिंगी पेन्सिल मागणारे डॉक्टर

अख्ख्या पुण्यात पेशंटच्या नवऱ्याला पेन्सिलींना टोक करायला बसवणारा डॉक्टर एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझी बायको सुमन चष्म्याचा नंबर काढायला गेली, तर डोळ्याच्या पार मागे, पडद्याखाली, तपकिरी डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, "तीळ आहे काकू. गालावर असतो तसा. वाढला तर गाठ, नाही वाढला तर शोभा. दर चार महिन्यांनी दाखवायचा." सुमनने गल्लीभर सांगितलं, मला असा तीळ आहे की तो नवऱ्यालासुद्धा दिसत नाही.

तिथे फोटोचं मोठं मशीन होतं, डोळ्याची सोनोग्राफी होती. तरी हा माणूस डोक्याला दिवा बांधून आत बघणार आणि रंगीत पेन्सिलींनी चित्र काढणार. मी म्हटलं, "फोटो आहे की, मग हे कशाला?" तर म्हणे, "फोटो मशीन काढतं. चित्र काढायचं तर मला नीट बघावं लागतं. तुम्ही मोकळेच आहात काका, तपकिरीला टोक करा." मी जन्मभर मार्केट यार्डात कांदा निवडला. चौथीनंतर पेन्सिल हातात धरली ती तिथेच. टोक मोडलं की सगळ्यांदेखत, "हळू. कांदा नाही तो."

एकदा त्यांनी नारिंगी पेन्सिल मागितली. कधीच मागितली नव्हती. डागावर तसला रंग चढला होता, खाली पाणी साचलं होतं, उंची वाढली होती. म्हणजे कॅन्सरच. मी तोंडावर सांगितलं, "डोळा काढून टाका. नासका कांदा काढला की गोणी वाचते." ते उखडले. "गोणी तुमच्या गाळ्यावर. डोळा काकूंचा आहे, त्यांना विचारा." सुमन म्हणाली, "राहत असेल तर राहू द्या."

मग गाठ जाळायला डोळ्याला मागून किरणं सोडणारी चकती शिवली. ती निघेपर्यंत सुमन वेगळ्या खोलीत, जवळ कुणी जायचं नाही. हे गृहस्थ रोज दाराबाहेर खुर्ची टाकून शेंगदाणे खात तिच्याशी भांडायचे, वालाच्या उसळीत गूळ किती घालावा यावर.

डोळा राहिला, थोडा अंधूक. पण पुढे यकृतात गाठी निघाल्या. सुमन जायच्या आधल्या आठवड्यात डॉक्टर घरी आले. मी दारातच विचारलं, "तेव्हाच डोळा काढला असता तर?" म्हटलं, आता फाडून खातील. पण आवाज खाली आला. "तरी हेच झालं असतं, काका. चकती बसवायच्या आधीच ते डोळ्यातून यकृतात निसटलं असणार." तेवढ्यात सुमनने चांगल्या डोळ्यावर तळवा ठेवला, दुसऱ्याने बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टर, बटणं वरखाली लागलीत."

ते खुर्चीत बसले. बटणं सोडून परत लावायला लागले. शर्टाला बटणं ती किती, पण बराच वेळ लावत होते.