नणंदेचा हलका हात

माझी नणंद दातांची डॉक्टर आहे. हल्ली हे सांगताना माझी जीभ जरा अडखळते, पण दारावरच्या पाटीवर अजून तसंच लिहिलंय. वयाने माझ्याहून बरीच लहान, तरी मी तिला मुद्दाम ‘वन्सं’ म्हणते आणि ती न चुकता चिडते. लग्न तिने केलं नाही. राहते आमच्याकडेच. राहते म्हणजे झोपायला येते.

शिकून बाहेर पडली तेव्हा तिच्या हलक्या हाताचं फार कौतुक व्हायचं. भूल द्यायच्या आधी ती माणसाला डोळे मिटायला सांगायची आणि गोष्ट सुरू करायची. तोंडाचा आ वासलेला माणूस काय बोलणार, हीच बोलायची. आणि गोष्टी कुणाच्या, तर माझ्या. वहिनीने रागाच्या भरात दादाच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं, दादाने तो चहा निमूटपणे संपवला आणि वर आणखी अर्धा कप मागितला, मग वहिनीच रडायला लागली. या शहरातल्या कितीतरी दाढा माझ्या अब्रूच्या जोरावर निघाल्या आहेत.

नोकरीत जरा स्थिरावली तोच तिच्या डोक्यात संस्थेचं वारं शिरलं. बरोबर शिकलेला एक डॉक्टर, ज्याला आम्ही चष्मिष्ट म्हणायचो, त्याचा एक कम्प्युटरवाला मित्र आणि ही, असे तिघे माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचे आणि फ्रिज रिकामा करून जायचे. मोलकरणी, वॉचमन, बांधकामावरचे मजूर दात दुखला म्हणून कामावर खाडा करू शकत नाहीत, तर दवाखानाच त्यांच्या दारात न्यायचा, असा बेत होता. जुनी व्हॅन घेतली, तिच्यात कुणा डॉक्टरने मोडीत काढलेली खुर्ची बसवली. मापं कुणी घेतली होती देव जाणे. खुर्ची मागे रेलली की पेशंटचे पाय दारातून रस्त्यावर यायचे.

पहिला पेशंट एका इमारतीचा वॉचमन होता. गाल टम्म सुजलेला, आणि भीतीने हात खुर्चीला चिकटलेले. हिने त्याला डोळे मिटायला लावले, मिठाच्या चहाची गोष्ट सांगितली, आणि गोष्ट संपल्यावर तो विचारतो, “कधी काढणार?” दाढ तेव्हा ट्रेमध्ये पडलेली होती. त्या दिवशी पोरगी नाचतच घरी आली. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

पुढे काम वाढलं. देणग्या मागायच्या, परवानग्या काढायच्या, मोठ्या कंपन्यांच्या साहेबांपुढे बसायचं, हे कुणीतरी करायला हवं होतं. चष्मिष्टाला स्वतःचा दवाखाना चालवून घर पोसायचं होतं. कम्प्युटरवाल्याची चार माणसांत दातखीळ बसायची. “तू बोललीस की कुणी नाही म्हणत नाही,” असं म्हणून दोघांनी हिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि ही चढली. मला विचाराल तर घोडं तिथेच पेंड खायला लागलं. तिचं बोलणं आणि तिचा हात ही दोन कामं नव्हतीच, एकच होतं. ते यांनी मधोमध कापलं आणि अर्धं ऑफिसात नेऊन बसवलं. तिघं इतकी शिकलेली, पण एकाच्याही लक्षात आलं नाही.

“थोडेच महिने गं वहिनी, बस्तान बसलं की मी परत दाढांकडे,” असं ती म्हणाली. बस्तान छान बसलं. आता संस्थेच्या व्हॅन आहेत, स्वतःची जागा आहे, हाताखाली तरुण डॉक्टर आहेत, आणि ही काचेच्या खोलीत बसून सह्या करते. दर वर्षी म्हणते, या वर्षी नक्की. तिची हत्यारं घरी कपाटात आहेत. सुट्टीच्या दिवशी काढते, पुसते, परत ठेवते. एकदा मी म्हटलं, “वन्सं, चांदीची भांडी आहेत का ती, नुसती पुसायला?” ती चिडली नाही, तेव्हाच मी काय ते समजायला हवं होतं.

मागच्या महिन्यात माझीच दाढ ठणकायला लागली म्हणून मी संस्थेत जाऊन बाकावर बसले होते. शेजारी एक पिकलेल्या केसांचा माणूस गाल धरून बसला होता. आतून तरुण डॉक्टरीण त्याला बोलवायला आली, तर हा हलेना.

“त्या गोष्ट सांगणाऱ्या बाई कुठं आहेत? दुसऱ्या कुणापुढं मी तोंड उघडणार नाही.”

कुणीतरी हिला बोलावून आणलं. तिने त्याला पाहिलं, ओळखलं, व्हॅनमधला तो पहिला वॉचमन, आणि तिचा तो जुना चेहरा परत आला. तिने भराभर हात धुतले, हातमोजे चढवले. “चल वहिनी, आज तुझ्यादेखत तुझी बदनामी करते,” म्हणून मलाही आत ओढलं. वॉचमनने माझ्याकडे वळून पाहिलं.

“मिठाच्या चहावाल्या त्या याच का?” त्याने विचारलं, आणि जरा लांबून आत गेला.

तो खुर्चीत रेलला. तिने त्याला डोळे मिटायला सांगितले, इंजेक्शन हातात घेतलं, सुजलेल्या हिरडीकडे वाकून पाहिलं. पाहतच राहिली. मग ती सरळ झाली. इंजेक्शन तिने त्या तरुण डॉक्टरणीच्या हातात दिलं, मानेनेच तिला पुढे व्हायला सांगितलं, आणि स्वतः त्याच्या उशाशी उभी राहून गोष्ट सांगायला लागली.

तीच, मिठाच्या चहाची. त्यानंतर मी नवऱ्याशी कितीतरी वेळा भांडले, एकाहून एक सरस. पण ती घरात होतीच कुठे?

त्याने डोळे उघडले तोवर डॉक्टरीण ट्रे घेऊन बाजूला झाली होती. कापसाचा बोळा दाताखाली धरून तो हिला म्हणाला, “बाई, हात अगदी तसाच आहे तुमचा.”

“हो ना,” ती म्हणाली, आणि कोरडे हातमोजे काढून टोपलीत टाकले.

माझी दाढ दाखवायची राहूनच गेली. घरी येताना गाडीत ती म्हणाली, “वहिनी, मला जमलं असतं गं.”

तिच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडणारी मी. मी म्हटलं, “जमलं असतं.”