कशी हरली, ते सांग

फोन वाजला तेव्हा मी स्टेडियमच्या गॅलरीत होतो. खाली राष्ट्रीय स्पर्धेतली महिलांची फायनल सुरू व्हायची होती, दोघीजणी जाळ्याजवळ टॉसला उभ्या होत्या, आणि मोबाइलवर नाव आलं, 'सुभेदार'. मी उचलला नाही. घाबरलो होतो. आदल्या दिवशी याच जागेवरून मी सुभेदारांना फोनवर एक सेमीफायनल सांगितली होती आणि हरलेली पोरगी जिंकली म्हणून ठोकून दिलं होतं. आता फायनलला ती नाही म्हटल्यावर माणूस विचारणारच. आज आपली बिनपाण्यानं होणार, म्हणून मी मोबाइल मांडीखाली सरकवला. थांबला, परत वाजला. थांबला, परत वाजला. शेवटी शेजारच्या वैद्यबाई म्हणाल्या, "अहो चौगुले, घ्या ना फोन. इतक्यांदा कोणी उगाच नाही करत." घेतला. सुभेदार नव्हते, त्यांच्या घरच्या होत्या, सुमनवहिनी. "भाऊजी, हे गेलं," एवढंच बोलल्या... खाली पहिली सर्व्हिस झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फोन तसाच कानाला लावून बसून राहिलो.

सुभेदार म्हणजे दिनकर जाधव. सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूचं गाव, घरचा ऊस, आणि त्या गावात घरटी एक माणूस फौजेत असतो तसे हेही. बॅडमिंटन ते फौजेतच शिकले, तेही साहेब लोकांना डबल्ससाठी चौथा गडी कमी पडायचा म्हणून. रिटायर झाल्यावर कुपवाडच्या एका कारखान्यात सिक्युरिटीचे मुख्य म्हणून आले आणि सांगलीत राहिले. माझं कुपवाडलाच बेअरिंग आणि बेल्टचं दुकान. एकदा त्यांच्या कारखान्यातलं मशीन बंद पडलेलं, मॅनेजरचे मला फोनवर फोन, आणि मी बेअरिंग घेऊन स्कूटरवरून धावत गेलो तर या गृहस्थांनी गेटवर अडवलं. गेटपास नाही म्हणे. मी म्हटलं, "आवं, आत मशीन थांबलंय तुमचं." तर म्हणाले, "मशीन थांबलंय. गेट चालू हाय." मी भडकलो. मला राग लवकर येतो, हे अख्ख्या कुपवाडला माहिती आहे. दहा मिनिटं आमची चांगली जुंपली. मग त्यांची नजर स्कूटरच्या हुकाला अडकवलेल्या रॅकेटवर गेली आणि आवाज एकदम उतरला. "कुठं खेळतोस?" दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हॉलवर हजर, कडक इस्त्रीची पांढरी हाफ पँट घालून. मला सलग तीन गेम हरवलं आणि वर सांगितलं, "तू हातानं खेळतोस गड्या. पायानं खेळ." पुढची बावीस वर्षं मी हेच ऐकत आलो.

दोघांच्याही गुडघ्यांनी कुरकुर सुरू केल्यावर खेळणं सुटलं आणि बघणं वाढलं. दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धा जिथं असेल तिथं, मिरजेहून गाडी पकडून आम्ही दोघं जायचो. लोक मोठ्या नावांच्या मॅचेसना गर्दी करतात, सुभेदारांना पहिल्या-दुसऱ्या फेरीत रस. रिकामी गॅलरी, कडेचं कोर्ट आणि कुणाला ठाऊक नसलेली पोरं. तिथंच वैद्यबाईंशी गाठ पडली. नागपूरच्या, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, वहीत प्रत्येक पॉइंट टिपून ठेवणाऱ्या. दिवसाच्या मॅचेस संपल्या की बाहेरच्या चहाच्या टपरीवर आम्हा तिघांची बैठक बसायची. बाई वही उघडून सांगायच्या की अमकी बॅकहँडनं हरली, हे बघा, सगळं इथं लिहिलंय. सुभेदार ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बाई, बॅकहँड तिचा ब्येस हाय. डावा पाय उचलंना झालाय. पोचतीयाच उशिरा, मग बॅकहँड काय करंल?" बाईंना ते पटायचं नाही, मला दोघांचंही पटायचं नाही, आणि चहा गार व्हायचा. पण या भांडाभांडीत एक गोष्ट ते कधी विसरले नाहीत. मी जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारा. मॅच कितीही रंगात येवो, साडेपाच झाले की कोपरानं ढोसायचे, "डबा खा आधी. मी बघतो, तुला सांगतो." आणि मी डबा संपवून परत आलो की मधले सगळे पॉइंट ओळीनं सांगायचे. मॅच कशी सांगावी हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

सई आम्हाला अशाच एका रिकाम्या गॅलरीतून सापडली. सोळा-सतरा वर्षांची, अंगात दक्षिणेतल्या राज्याची जर्सी, आणि हरत आलेली. तेवढ्यात कोर्टच्या मागं बसलेल्या तिच्या वडिलांनी आवाज दिला, "आगं दम धर की. पळतीयास कुठं?" सुभेदार ताडकन उठून उभे. "ह्यो तर आपल्याकडचा." मॅच संपल्यावर जाऊन विचारलं तर माणूस निघाला विट्याचा. विट्याची माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर कुठंकुठं जाऊन बसलीत, त्यातलंच हे एक घर. पोरगी जन्मली, वाढली, खेळायला शिकली ती सगळी तिकडंच. त्या दिवसापासून सई आमची झाली. तिची मॅच असली की सुभेदार चहासुद्धा घेत नसत. वैद्यबाई चिडवायच्या, ती खेळते दुसऱ्या राज्याकडून, तुमचा काय संबंध? त्यावर सुभेदार म्हणायचे, "मी अठ्ठावीस वर्सं काश्मीर न् आसामात काढली. म्हणून काय मी कोरेगावचा न्हाई?"

डोळ्यांचं नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. काचबिंदू होता हे मला फार उशिरा कळलं, ते स्वतः कधी बोलले नाहीत. आधी गॅलरीत विचारायला लागले, "पलीकडच्या बाजूला काय झालं रं?" मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग एक दिवस दुकानात आले आणि माझ्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या मेव्हण्याला भूपाल, म्हणजे मी, समजून पाच मिनिटं झापलं, काल हॉलवर का आला नाहीस म्हणून. मेव्हणा माझ्यापेक्षा फूटभर उंच आणि डोक्यावर भरगच्च केस, माझ्या टकलाशी काही मेळ नाही. मी आतल्या दारात उभा राहून बघत होतो. आधी हसू आलं, मग उलगडा झाला. मेव्हण्याला खुणेनं गप्प बसवलं आणि तिथूनच म्हटलं, "चुकलं सुभेदार, उद्या येतो." त्यानंतर मी बडबड्या झालो. गॅलरीत बसलं की आपलं सुरू... आता उंच टाकलं, आता जाळ्यापाशी सोडलं, पळाली, पोचली, उचललं. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. सुभेदार त्यांची समजूत घालायचे, "सवय हाय त्याची. तोंड गप बसत न्हाई." मला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही, एवढंच मी सांभाळत होतो. त्या अभिमानी माणसाला कुणी हात धरून चालवलेलं मला बघवलं नसतं.

असं तीन वर्षं चाललं. मग एका स्पर्धेत सईची दुसऱ्या फेरीची मॅच होती आणि ती फार वाईट खेळत होती, सोपी सोपी शटल जाळ्यात मारत होती. मला ते सांगवेना. मी आपलं गोड करून सांगायला लागलो, समोरचीनं भारी मारलं, सईचा इलाज चालला नाही, वगैरे. दोन-तीनदा असं झाल्यावर सुभेदारांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "भूपाल, जाळीला लागल्याचा आवाज येगळा असतो. बेअरिंग गेल्यालं तुला कानानं कळतं, मग मला एवढं कळंना व्हय?" मग कोर्टकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "डोळं गेल्यात माझं. तुला ठावं हाय. तुला ठावं हाय ते मलाबी ठावं हाय. त्याचं काय न्हाई. पर मला खोटी मॅच सांगू नगंस. जिंकलेली कुणीबी सांगतंय. हरली तर कशी हरली, ते सांग." मी हो म्हटलं. आणि त्या दिवशी सई कशी हरली ते एकही पॉइंट न गाळता सांगितलं. संध्याकाळी टपरीवर त्यांनी तीच मॅच वैद्यबाईंना सांगितली तेव्हा बाई वहीत बघून नुसत्या मान डोलवत होत्या. मला उगाचच माझा अभिमान वाटला.

यंदा त्यांच्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिस साताऱ्यालाही होतं आणि गावात हाताशी माणसं, म्हणून वहिनी त्यांना गावी घेऊन गेल्या. मी स्पर्धेला जाणारच नव्हतो, त्यांनीच घालवलं. "तू न्हाई गेलास तर मला सांगंल कोण?" मग रोज फोन. सई एकेक फेरी काढत सेमीफायनलला पोचली, पहिल्यांदाच, आणि दुपारी सेमीफायनल हरली. मी गॅलरीतूनच फोन लावला. वहिनींनी उचलला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आज लय त्रास झाला ओ. सकाळपास्नं पोटात घास न्हाई. नुसतं सईचं इचारत्यात." मग फोन त्यांच्या कानाला लावला. "काय झालं रं?" आवाज इतका बारीक की मला आधी ओळखूच येईना. मी म्हणालो, "जिंकली." ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. पण पलीकडून लगेच विचारलं, "कशी?" आणि मग मला मागं फिरता येईना. जी मॅच झालीच नव्हती ती मी वीस मिनिटं सांगितली, उंच टाकलं, पळाली, पोचली... वैद्यबाई शेजारी ऐकत होत्या. त्यांनी वही मिटून पर्समध्ये घातली आणि कोर्टकडं बघत बसल्या. सुभेदार शेवटी म्हणाले, "वा रं पोरी." आणि मग मला विचारलं, "डबा खाल्लास का?" त्यांचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं.

मातीला मला पोचता आलं नाही. दहाव्याला गेलो तर माणसांची गर्दी, वहिनींशी धड बोलणं झालं नाही. त्या सगळ्या दिवसांत मी मनाला एकच सांगत होतो, की खोटं तर खोटं, माणूस समाधानानं गेला. मागच्या आठवड्यात सवड काढून परत गेलो. त्यांच्या खोलीत खिडकीशी कॉट, कॉटवर फौजी पद्धतीनं घडी घातलेलं कांबळं, बाजूला वहिनींनी माझ्यासाठी ठेवलेली खुर्ची. चहा झाला आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक बोलू? राग नका धरू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यास्नी पेपर वाचून दाखवत हुते. रोजच दाखवायची. तर त्यात सई हरली म्हणून आल्यालं." मी खाली बघायला लागलो. "मी म्हटलं, पेपरवाल्याचं चुकलं आसंल. तर हे हसलं. म्हणालं, पेपरवाल्याचं न्हाई, भूपालचं चुकलं. पर त्याला बोलू नगंस काय. लय जीव लावून सांगितली त्यानं. मग म्हणालं, कशी हरली ते लिवलंय का बघ. मी बगितलं, नुसतं आकडं हुतं. म्हटलं, लावू का फोन भाऊजींना? तर नगं म्हणालं. आज फायनल हाय, बघू दे त्याला. आला की इचारतो." आणि त्या दुपारी ते गेले.

मला तोंड वर करवेना. लाज वाटली, स्वतःचीच. ज्या एका गोष्टीसाठी त्या माणसानं मला मनगट धरून बजावलं होतं, नेमकी तीच मी त्यांना दिली नाही, आणि ती मागायला ते माझी वाट बघत थांबले होते.

"मग आता सांगा," वहिनी म्हणाल्या. "कशी हरली?"

वहिनींनी जन्मात एक मॅच बघितलेली नाही, पण नवऱ्याच्या तोंडून प्रत्येक मॅच ऐकलेली. त्यांना सर्व्हिस म्हणजे काय, ड्रॉप म्हणजे काय, काही समजवावं लागत नाही. मी सांगायला लागलो. पहिला गेम सईनं घेतला, दुसरा घालवला, तिसऱ्यात एकोणीस-एकोणीस झाले. मग लांबलचक रॅली. समोरचीनं शटल उंच मागं टाकलं, सईनं उडी घेतली, पण बाहेर चाललंय बघून ऐन वेळी रॅकेट आवरती घेतली. शटल रेषेबाहेर पडलं. पंचांनी पॉइंट सईला दिला. आणखी एक पॉइंट आणि फायनल. सगळी गॅलरी उठून उभी राहिली. आणि सईनं हात वर केला. पंचांकडं गेली आणि म्हणाली, शटलचं पीस घासलं, माझ्या रॅकेटला लागलंय. कुणी बघितलं नव्हतं, समोरचीनंसुद्धा नाही. वैद्यबाईंनी सईच्या नावावर मांडलेला पॉइंट वहीत खोडून समोरचीच्या नावावर मांडला. कोर्टच्या मागं तिचे वडील नुसते उभे होते. पुढची रॅली चार फटक्यांत संपली आणि मॅच गेली. त्या पिसाचा आवाज आला असेल तर तो एकट्या सईला. सुभेदार माझ्या शेजारी असते तर त्यांनाही आला असता.

वहिनींनी कॉटकडं बघितलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे त्यास्नी सांगायला पायजे हुतं."

"व्हय वहिनी," मी म्हटलं. हे ऐकून तो माणूस उशीला टेकून उठून बसला असता, येईल-जाईल त्याला सांगत सुटला असता.

त्यांनी पदरानं डोळे पुसले, कांबळ्याची घडी उगाचच सारखी केली. "ते हात वर केल्यालं परत एकदा सांगा."

मी खुर्ची कॉटच्या जवळ ओढली आणि जरा मोठ्यानं, पहिल्या सर्व्हिसपासून सांगायला सुरुवात केली.