गिरणीवरचे पुनर्जन्म

माझ्या आत्याने जितकी माणसं मरताना आणि मरून परत उठताना पाहिली असतील, तितकी प्रत्यक्ष यमाच्या दारातल्या पहारेकऱ्यानेही पाहिली नसतील. नेकनूरला बसस्टँडच्या मागच्या बोळात तिची पिठाची गिरणी आहे. तिथे एका पांढऱ्या पडलेल्या फळीवर, डाळीच्या डब्याला टेकवून, तिचा मोबाईल उभा असतो. त्या मोबाईलवर चीनमधल्या बायका विष पिऊन, कड्यावरून ढकलल्या जाऊन, नाहीतर भर मांडवात भोसकल्या जाऊन मरतात, आणि डोळे उघडतात ते थेट लग्नाच्या आदल्या सकाळी. नवरा तोच, सासू तीच, गोड बोलून घात करणारी सावत्र बहीणही तीच. फरक इतकाच, की आता हिला सगळं ठाऊक असतं. मालिका बोलतात हिंदीत, पण नेकनूरला जन्म काढलेल्या बाईला हिंदी शिकवावी लागत नाही; तिची अर्धी गिऱ्हाइकं दखनी हिंदीतच भांडतात. फोन मीच दिला होता, माझा जुना. यजमान गेल्यावर एकटी पडलीय, भजनं ऐकेल, असं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात भजनाच्या मध्ये एक जाहिरात लागली: एक बाई पाण्यात बुडते आहे आणि काठावर तिचा नवरा हसतो आहे. भजन तिथेच राहिलं आणि आत्या त्या बाईमागे जी गेली, ती अजून परत आलेली नाही.

चिनी नावं तिच्या जिभेवर बसत नाहीत आणि ती बसवूनही घेत नाही. प्रत्येक मालिकेतली नायिका म्हणजे सुमन. सासू म्हणजे 'केजची', कारण तिने पाहिलेली सगळ्यात खाष्ट बाई केजची होती. राजवाडा असो, रेशमी झगे असोत, बादशहाला ती सरपंच म्हणते आणि त्याच्या दरबाऱ्यांना मेंबर. त्यामुळे दळण घेऊन आलेल्या नवख्या माणसाच्या कानावर, "सरपंचानं सुमनला इख घालून मारली आन समदे मेंबर नुसते बगत बसले," असं काही पडलं, की तो डबा तिथेच ठेवून पोलिसांत जायच्या बेतात असे. जुनी गिऱ्हाइकं त्याला हाताला धरून खाली बसवायची आणि मागची गोष्ट सांगायची.

दिवसाला एकच भाग, हा तिचा नेम. मी एकदा म्हणालो, "आत्या, सगळे भाग आहेत की त्यात. एका बैठकीत बघून टाक." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला कच्चं पीठ खायला सांगत होतो. "आरं, सुमन आज मेली. आजच्या आज उठवून बसवली तर ती मेली कवा? येक दिस तरी मरू दे की तिला. कुणीतरी रडाया पायजे का न्हाई?" आणि खरोखरच, नायिका मेली की त्या संध्याकाळी आत्याच्या चुलीवर फोडणीचा वास यायचा नाही. नुसती भाकरी आणि चटणी. शेजारीण भिंतीवरून विचारायची, "कावून वो, आज उपास का काय?" "न्हाई. सुमन गेली आज." शेजारणीलाही आता सवय झालेली, ती चुकचुकायची आणि वाटीभर कालवण भिंतीवरून द्यायची.

भागाची वेळ दुपारची. त्या वेळेला गिरणीचा खटका खाली पडायचा आणि आत्या जाहीर करायची, "लाईट गेली." डोक्यावर पंखा गरगर फिरत असायचा. कुणी त्याच्याकडे बोट दाखवलंच, तर ती मान न वळवता सांगायची, "ती लाईट येगळी हाय." दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलं, की दळण आपोआपच कमी व्हायचं आणि मग तिला खोटं बोलायचे कष्टही पडायचे नाहीत.

या मालिकांपायी तिला कुणाच्या घरचं काही पिणं मात्र अवघड झालं. माझ्या धाकट्या बहिणीचं, अर्चनाचं, लग्न युसूफ वडगावच्या एका मोठ्या जमीनदार घरात झालं. लग्नात विहीणबाईंनी आत्यापुढे सरबताचा पेला धरला. आत्याने तो हुंगला, विहीणबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आणि हसत हसत पेला त्यांच्याच हातात परत दिला. "आदी तुमी." मांडव हसला. दादा, म्हणजे आमचे वडील, कितीतरी दिवस धुमसत होते. त्यांची ही थोरली बहीण. तिला सगळ्यांदेखत बोलताही येईना.

मालिकांचा दुसरा प्रकार म्हणजे ज्यात तोच एक दिवस फिरून फिरून उगवतो. त्या बघताना आत्या जागेवर बसूच शकत नसे. बोळातून जाणारा माणूस दचकून थांबेल अशा आवाजात ती ओरडायची, "नगं बसू त्या गाडीत! काल बी त्याच गाडीत बसलीस, परवा बी बसलीस, आजून कशी अक्कल येईना तुला!" आणि भाग संपला, की समोर जो असेल त्याला धरायची. "तुला मागं जाता आलं, तर कोण्या दिवशी जाशील?" उत्तर दिल्याशिवाय पीठ मिळत नसे. शाळेचे मास्तर म्हणाले, इथली बदली घेतली त्याच्या आदल्या दिवशी. एक कार्यकर्ता म्हणाला, मी पार्टी बदलली त्या दिवशी. "कोण्या दिवशी? तू तर लई बारी बदललीस," आत्या म्हणाली, आणि त्याला नीट आठवून यायला सांगितलं. ऊसतोडीहून परतलेली एक बाई मात्र म्हणाली, "कोण्याच दिवशी न्हाई. इथवर यायलाच लई दमले. परत कोण चालंल?" त्या दिवशी आत्याने तिचं दळण स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि तिच्या दारापर्यंत नेऊन पोचवलं.

हाच प्रश्न कुणी उलटून तिला विचारला, की तिला गिरणीच्या पट्ट्यात हटकून काहीतरी बिघाड दिसायचा. "सरका बाजूला, पट्टा निसटायलाय." विचारणारा गावात नवा असायचा. जुन्या लोकांना तो दिवस ठाऊक होता.

आत्याला एकच मुलगी होती, मीरा. माझ्याहून थोडी मोठी. तिचं लग्न फार लवकर केलं. वर्ष व्हायच्या आत एका दुपारी ती कापडी पिशवी घेऊन नेकनूरच्या स्टँडवर एसटीतून उतरली. कुणी काही विचारलं, तर एवढंच म्हणायची, "मी जात न्हाई आता." घरातली माणसं म्हणाली, नव्या घरी असं होतंच. आत्यालाही तसंच वाटलं. तिने लेकीला जेवू घातलं, डोक्याला तेल लावून घट्ट वेणी घातली आणि स्वतः स्टँडवर जाऊन तिच्यासाठी खिडकीजवळची जागा धरली. ऊन लागू नये म्हणून सावलीच्या बाजूची. पावसाळा सरता सरता मीरा सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं तिकडचे लोक म्हणाले, आणि इकडचे लोक ते ऐकून घेऊन परत आले. हे सगळं मला आईने सांगितलं. आत्याच्या तोंडून त्या दुपारबद्दल मी कधी चकार शब्द ऐकला नव्हता.

अर्चना माहेरी निघाली, ती गेल्याच्या आदल्या वर्षी, गावातली ऊसतोडीची गाडी भरत होती त्या सुमारास. तिला यायचं होतं बीडला, आमच्याकडे. तिकीटही बीडचंच काढलेलं. पण नेकनूर आलं तसं तिला दादांचा चेहरा डोळ्यांपुढे दिसायला लागला आणि ती मध्येच उतरली. गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा आत्याचा भाग ऐन रंगात आला होता. आत्याने वर पाहिलं. अर्चनाचा खालचा ओठ सुजून एका बाजूला वळला होता. आत्याने फोन पालथा घातला. आयुष्यात अर्धवट सोडलेला तिचा तो पहिला भाग. तिने अर्चनाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आतल्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर, सहज हात पुरणार नाही अशी, ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफ वडगावची जीप आली. त्यात आमचा जावई आणि त्याचे चुलते. चुलते म्हणजे त्या भागातले पुढारी. बारशाला आणि मयतीला एकच भाषण करायचे, आणि दोन्हीकडे चालूनही जायचं. अर्चना इथे असल्याचं दोन्हीकडे कळलं होतं; दादांना मी मोटारसायकलवर घेऊन आलो होतो. आत्या गिरणीच्या उंबऱ्यात उभी होती आणि तिच्या मागे, आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं.

पुढाऱ्यांनी घसा साफ केला. "हे बघा बाई, आमचं घर म्हंजे काय साधंसुधं घर न्हाई. चार गावात आमच्या शब्दाला..." आत्याने शांतपणे घरच्या ज्वारीचं घमेलं उचललं, गिरणीच्या तोंडात ओतलं आणि खटका वर केला. गिरणी धडधडायला लागली. पुढाऱ्यांचे ओठ हलत होते, हात वर-खाली होत होते. ऐकू काही येत नव्हतं. दाणे संपत आले तसे ते आणखी पुढे सरकले आणि नव्याने सुरुवात केली, तसं आत्याने दुसरं घमेलं ओतलं. परीटघडीचे कपडे, भुवया, मिशा, सगळ्यावर पीठ बसत चाललं. जावई शिंकायला लागला. एकही शब्द न उच्चारता आत्याने बहुधा महिन्याभराची ज्वारी दळून काढली. मला हसू येत होतं, पण आत्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी विरलं. तिचा चेहरा गिरणीवरच्या रोजच्या बाईचा नव्हता.

शेवटी तिने खटका पाडला. मग दादा बोलले, अगदी हळू आवाजात. "आक्का, आसं करू नको. पोरीला चार गोष्टी समजावून सांग आन परत लावून दे."

"बापू," आत्या दादांना म्हणाली, "येकडाव लावून दिली हाय मी. खिडकीची जागा धरून."

गिरणी बंद पडल्यावर कानात काही वेळ एक पोकळी राहते. त्या पोकळीत आम्ही सगळे उभे होतो. दादा विरघळले वगैरे नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि ते मोटारसायकलपाशी जाऊन उभे राहिले. पुढारी जीपमध्ये चढताना म्हणाले, "याचं लई वाईट होईल, बाई." आत्या म्हणाली, "झालंय ते. आदीच."

मालिका असती, तर यापुढच्या भागात अर्चना तेजःपुंज होऊन उठली असती आणि एकेकाला धडा शिकवत सुटली असती. आत्याची खरोखर तशी अपेक्षा होती. अर्चना मात्र नुसती झोपून राहायची. केस विंचरायची नाही, ताटातली भाकरी कुस्करून ठेवायची. आत्याचा मला फोन यायचा. "सुमन तर दुसऱ्याच दिसी उठून सासूच्या झिंज्या धरती रे. ही बसती बी न्हाई उठून. माजं कुटं काय चुकलं का?" तिकडे कोर्टाच्या तारखांवर तारखा पडत राहिल्या. गावातल्या काही घरांनी दळण दुसऱ्या गिरणीवर न्यायला सुरुवात केली. दादांनी नेकनूरचा रस्ता सोडला. बीडहून केजकडे जायचं झालं, तरी नेकनूर आलं की एसटीत डोळे मिटून घेतात. आई तेवढी बाजाराच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून येते आणि लेकीशेजारी तासभर बसून जाते. अर्चना आता तोंडाला फडकं बांधून गिरणी चालवते. चांगली चालवते. मालिका तिला आवडत नाहीत. ती फोनकडे पाठ करून बसते. म्हणून आत्याने आधी आवाज बारीक केला, मग एक दिवसाआड बघायला लागली, मग कधीतरी.

गेल्या उन्हाळ्यात मी गेलो होतो. अर्चनाला ताप होता, ती आत निजली होती. आत्या गिरणीच्या पायरीवर बसून गव्हातले खडे निवडत होती. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "आत्या, तुझ्यामुळे अर्चना वाचली."

"व्हय, समदे म्हणत्यात तसं," ती म्हणाली. सुपातला एक खडा तिने पायरीखाली टाकला. "खरं सांगू का तुला? मला वाटलं हुतं, ही वाचली की कायतरी हुईल. काय हुईल ते मलाच ठावं नव्हतं. कायतरी उलगडंल, मागचं पुसून निघंल, आसं. ही हितं हाय, दोन घास खाती, मला लई बरं वाटतंय, न्हाई म्हणत न्हाई मी. पण माजी मीरा तितंच हाय रं बाबा. गाडीत. खिडकीपाशी."

तेवढ्यात आतून अर्चनाने हाक मारली, "आई..." तापातली, झोपेतली हाक. आमची आई तिकडे बीडला होती. आत्याचा हात सुपातच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने परत तशीच हाक आली. मग आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, पदराला हात पुसले, आणि "आले गं," म्हणत आत गेली.

बाहेर दळणाचे डबे घेऊन दोघी-तिघी बायका येऊन थांबल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. एकीने आपला डबा आवाज न करता खाली ठेवला आणि बाकीच्या तिच्याशेजारी, भिंतीच्या सावलीत, बसून राहिल्या.