तीन विणकर, एक लुगडं

माझी मुलगी शेवंता तिसरीच्या चाचणीत नापास झाली, कारण तिनं एका गणिताचं उत्तर बरोबर दिलं होतं.

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगतो आहे. ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, "असं कसं?" मग मी सगळं पहिल्यापासून सांगतो आणि तो पुन्हा हसतो, पण या वेळी मला.

शहापूर तेव्हा संस्थानात होतं. चार पावलं पलीकडं बेळगाव, ते इंग्रजांचं. राज्यं दोन असली तरी शाळेतला धाक दोन्हीकडं सारखाच होता. त्या धाकाचं नाव डिपोटी. वर्षातून एकदा हे साहेब शाळा तपासायला येत आणि मुलांची परीक्षा घेत. साहेब येणार म्हटलं की मास्तर महिनाभर आधी धास्तीनं वाळायला लागत आणि ती धास्ती पोरांवर काढत.

शेवंता तेव्हा आठ वर्षांची. आमच्या गल्लीतल्या विणकरांच्या घरांतून तिसरीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, हे मुळीच पसंत नव्हतं. "पोरीच्या जातीला साळा कशाला? कांड्या भरायला माणूस न्हाय घरात," असं ते रोज एकदा तरी म्हणायचे. शेवटी आमच्यात करार झाला. शेवंता पास होत राहील तोवर शाळेत जाईल. एकदा नापास झाली की दप्तर खुंटीला आणि पोरगी सुताच्या कांड्या भरायच्या रहाटावर. आप्पा शब्दाचे पक्के. माझ्या बाबतीतही त्यांनी हाच करार केला होता आणि मी दुसरीतच रहाटावर जाऊन बसलो होतो.

त्यामुळं तिचा अभ्यास मी जातीनं घ्यायचं ठरवलं. (दुसरी नापास माणूस तिसरीचा अभ्यास घेतो, यात काही खटकण्यासारखं आहे असं तेव्हा कुणी मला सुचवलं नाही. बायकोनं सुचवलं होतं, पण ते मी धरत नाही.)

घरात पाढ्यांचं राज्य सुरू झालं. माझी बायको सुंदरा भाकरी थापताना तेराचा पाढा म्हणायची आणि पोरगी चुकली की तव्यावरची भाकरी करपायची. जेवताना घासागणिक एक प्रश्न. केसांना तेल लावताना पावकी, वेणी घालताना निमकी. आठ दिवसांत पोरीचं पोट दुखायला लागलं. बुधवारी आणि शनिवारी सकाळी हमखास दुखायचं. वैद्यांनी चूर्ण दिलं, उपयोग शून्य. मग सुंदरानंच शोधून काढलं की बुधवारी आणि शनिवारी पहिला तास गणिताचा असतो. आता सांगा, आठ वर्षांच्या लेकराचं पोट भागाकारानं दुखावं, हा कुठला न्याय? आम्ही लहानपणी हिरव्या चिंचा खाऊन पोट दुखवून घेत होतो. त्यात निदान चिंचा तरी मिळायच्या.

मी तिला जवळ घेऊन एक मंत्र दिला. "शेवंते, भ्यायचं न्हाय. गणित म्हंजे काय आभाळातनं पडत न्हाय. आपल्या घरात रोज जे बघतीस, ते डोळ्यापुढं आण आणि लिव. चुकायचं न्हाय."

साहेब यायच्या आधी मास्तरांनी चाचणी घेतली. पाच गणितं. तीन बरोबर आली तर पास. आणि चाचणीत नापास झालेली मुलं साहेबांपुढं उभीच करायची नाहीत, असा मास्तरांचा बेत.

शेवंता पाटी घेऊन घरी आली ती रडतच. दोन बरोबर, तीन चूक. तिसऱ्या चुकीवर खडूनं एवढा मोठा भोपळा काढला होता की खालचं उत्तर दिसेना. गणित असं होतं: एक विणकर एक लुगडं तीन दिवसांत विणतो, तर तीन विणकर तेच लुगडं किती दिवसांत विणतील?

"तू काय लिवलंस?"

"तीन दिवस," ती हुंदके देत म्हणाली. "अण्णा, मागावर एकच माणूस बसतंय की. दुसरी दोघं नुसती बघत बसणार."

मी पाटीकडं पाहिलं. पोरीकडं पाहिलं. मागाकडं पाहिलं. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विणकराच्या पोरीला विणकामाचं गणित घालता, ती बरोबर उत्तर देते, आणि तुम्ही तिला भोपळा देता?

आप्पा कोपऱ्यातून उठले, शेवंतासाठी ठेवलेल्या जादा रहाटावरची धूळ फडक्यानं झटकली आणि पुन्हा जाऊन बसले. शेवंतानं ते पाहिलं आणि तिचं रडणं एकदम थांबलं. मला ते थांबणं रडण्याहून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या बसाप्पाला बरोबर घेतलं. बसाप्पा चाळीस वर्षं मागावर बसलेला, गल्लीतला सगळ्यांत जाणता विणकर. साक्षीदार असावा तर असा, म्हणून नेला. आम्ही थेट तिसरीच्या वर्गात शिरलो.

"मास्तर, हे उत्तर बरोबर हाय," मी पाटी पुढं केली.

मास्तरांनी चष्मा वर केला. "पुस्तकात उत्तर एक दिवस आहे."

"पुस्तक लिवणाऱ्यानं माग बघितलाय काय?"

"दत्तोबा, हे विणकाम नाही. हे काळ-काम आहे."

"मग लुगडं कशाला घातलंय त्यात? भिंत घाला, विहीर घाला. आमच्या पोटावर कशाला पाय देताय?"

आवाज चढला. वर्गातली मुलं पाढे विसरून खुश झाली. आणि तेवढ्यात दारात टांगा थांबला. साहेब उद्या यायचे होते, ते आजच आले होते.

मास्तरांच्या हातातला खडू गळून पडला. साहेब आत आले. बारीक अंगाचे, शांत, हातात काठी. त्यांनी आमच्या दोघांकडं पाहिलं. "हे कोण?"

"पालक आहेत साहेब. निघालेच आहेत," मास्तर म्हणाले.

"निघालो न्हाय," मी म्हणालो आणि सगळी हकिकत सांगितली.

साहेबांनी पाटी हातात घेतली, भोपळा बोटानं जरा पुसला आणि खालचं उत्तर वाचलं. मग बसाप्पाकडं वळून विचारलं, "तुम्ही जाणते दिसता. एका मागावर तिघं बसूच शकत नाहीत काय?"

बसाप्पा देवभोळा माणूस. सरकारी माणसापुढं खोटं बोलायचं नाही हा त्याचा नेम. तो डोकं खाजवत म्हणाला, "अडचण तर लई हुईल साहेब. पण अगदीच बसायचं म्हटलं तर बसतील की."

साक्षीदार माझा आणि हे बोलणं. "कुठं बसतील रं? कसं बसतील?" मी ओरडलो. "साहेब, माझं घर हितनं दोन गल्ल्या हाय. चला. डोळ्यांनी बघा आणि मग भोपळा कुणाला द्यायचा ते ठरवा."

आता साहेब हसून "जा घरी" म्हणाले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण साहेब म्हणाले, "चला."

साहेब पुढं, मी त्यांच्या शेजारी, मागं मास्तर, त्यांच्या मागं बसाप्पा आणि त्याच्या मागं तिसरीचा सगळा वर्ग दोघादोघांच्या रांगेत. गल्लीतल्या बायका दारात आल्या. एकीनं पदर डोळ्यांना लावत हळूच विचारलं, "कोण गेलं म्हणायचं?"

घरी मागावर नवरीचं लुगडं होतं. हिरवंगार, अर्धं विणून झालेलं. कंग्राळीच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. सुंदरानं ही वरात दारात बघितली, काय ते ओळखलं आणि माझ्या आडवी आली. "अवो, काय बी करा, पण चालू मागावर नगं. बसाप्पामामाच्या रिकाम्या मागावर दाखवा."

किती शहाणं बोलणं. पण रागावलेल्या माणसाला शहाणं बोलणं विरोधासारखं ऐकू येतं. "तू गप गं," मी म्हणालो, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मधोमध बसलो. डावीकडं बसाप्पाला बसवलं. तिसरा विणकर पाहिजे म्हणून उजवीकडं मास्तरांना ओढलं.

"मी विणकर नाही हो," मास्तर काकुळतीला आले.

"गणितात कुठं सांगितलंय चांगला विणकर पाहिजे म्हणून?" मी म्हणालो. साहेबांनी मान डोलावली, तेव्हा बिचारे मास्तर धोतर सावरून बसले.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो खड्डा एका माणसाच्या दोन पायांसाठी खणलेला असतो. खाली दोन पट्ट्या असतात. एक दाबली की अर्धे धागे वर जातात, मधून आडव्या सुताचा धोटा पलीकडं फेकायचा, मग दुसरी दाबायची. तिथं आता सहा पाय होते, आणि त्यातले दोन पाय शिकलेले होते.

"उजवी दाबा," मी म्हणालो. मी माझ्या उजवीकडची दाबली. बसाप्पानं सवयीनं त्याच वेळी डावी दाबली. मास्तरांनी माझा पाय दाबला. मी कळवळून धोटा फेकला, तो धाग्यांतून न जाता वरून सुटला आणि आप्पांच्या पुढ्यातल्या पितळी तांब्यावर ठण्णकन आदळला. पाणी आप्पांच्या मांडीवर सांडलं.

"बघितलंसा साहेब?" मी विजयी आवाजात म्हणालो. "येतंय का विणाय?"

इथं सगळं थांबायला हवं होतं, कारण मी जिंकलो होतो. सगळ्यांना पटलं होतं. पण मास्तरांना उठायचं होतं. त्यांच्या धोतराचं टोक पट्टीत अडकलं होतं. ते अर्धे उठले, तोल गेला, आणि बुडणारा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. समोर जे दिसलं ते दोन्ही हातांनी धरलं. समोर ताणा होता, लुगड्याचे ताणून बसवलेले उभे धागे.

धागे तुटल्याचा आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला तो सांगावा लागत नाही. एक तुटला, मग दहा, मग मोजता येईनात. मास्तर हिरवे धागे मुठीत घेऊन खड्ड्यात बसले. सुंदरानं तोंडावर पदर धरला. मी त्या अर्ध्या लुगड्याकडं बघत बसलो आणि माझा सगळा राग कुठं गेला तो मलाच सापडेना.

साहेब खाली बसले, शेवंताच्या उंचीला आले. "बाळ, आता तूच सांग. तीन विणकर तेच लुगडं किती दिवसांत विणतील?"

शेवंतानं उलट विचारलं, "साळंतलं सांगू का घरातलं?"

"आधी शाळेतलं."

"एक दिवस."

खड्ड्यातून मास्तरांचा सुस्कारा ऐकू आला.

"आणि घरातलं?"

ती मागाजवळ गेली. तुटलेले धागे बोटांनी विंचरले, आप्पा करतात तसे, आणि ओठांत काहीतरी मोजलं. "सात दिवस. तीन दिवस विणायला आणि चार दिवस ही दोरं सांधायला." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "अण्णा रागात असले तर आठ."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मग त्यांनी तिला तिथंच आणखी चार गणितं घातली. तिनं चारही बरोबर सांगितली, पोटावर हात न ठेवता. परीक्षा तिथंच संपली. शेवंता चौथीत गेली.

चार नव्हे, पाच दिवस लागले सांधायला. मी, सुंदरा आणि बसाप्पा आळीपाळीनं बसलो. शाळा सुटल्यावर मास्तरही यायचे, बाजूला बसून धाग्यांची टोकं निवडून द्यायचे. चांगला माणूस होता, पण एक टोक निवडताना दोन हरवायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी सुंदरा स्वतः कंग्राळीला जाऊन लुगडं देऊन आली. गाठी दिसू नयेत म्हणून घडी कशी घालायची हे तिनं नवरीच्या आईला दोनदा समजावलं.

आप्पांनी शेवंतासाठी ठेवलेला तो रहाट उचलून माळ्यावर टाकला. "जाऊ दे पोरीला साळंत," ते म्हणाले. "घरात बसून ह्येचं बघून शिकण्यापरास ते बरं."

महिन्याभरानं मास्तर घरी आले. साहेबांनी जाताना शाळेच्या वहीत शेरा लिहिला होता, तो त्यांनी माझ्यासाठी कागदावर उतरवून आणला होता. मी तो मोठ्यानं वाचायला सांगितला. गल्लीतली माणसं गोळा केली, सुंदराला बाहेर बोलावलं, आप्पांना खुर्ची दिली. मास्तरांनी घसा खाकरला आणि वाचलं: "इयत्ता तिसरीची मुलगी अत्यंत हुशार आहे. तिची प्रगती अशीच राहावी, यासाठी तिचा अभ्यास वडिलांनी घेऊ नये."

सरकारी वहीत माझ्याविषयी लिहिलं गेलेलं आजवरचं ते एकच वाक्य. तो कागद मी चौकट करून भिंतीवर लावला आहे. ती चौकट तिरकी का, असं विचारू नका. खिळा मीच ठोकला.