कंट्रोल निळा होता

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, साताऱ्याच्या शाळेतल्या मैत्रिणीला नाही. तिला मी सगळं सांगते – म्हणजे, तिला तसं वाटतं. तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही म्हणून.

मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पेशंटच्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्याचे पातळ काप काढून काचेवर घ्यायचे, त्यांवर एकेका अँटिबॉडीचे थेंब सोडायचे. अँटिबॉडी पेशींना चिकटली तर शेवटी तपकिरी रंग येतो. नाही तर सगळं निळं. लिम्फोमा बी पेशींचा की टी पेशींचा, हे त्यावरून ठरतं. बी पेशींचा निघाला तर केमोबरोबर आणखी एक औषध देतात. त्या औषधाने माणूस वाचण्याची आशा बरीच वाढते.

दर वेळी सोबत टॉन्सिलचा एक काप लावतात – तो कंट्रोल. टॉन्सिलमध्ये बी पेशी असतातच, त्यामुळे तिथे तपकिरी रंग यायलाच हवा. नाही आला तर आपलंच काहीतरी चुकलं; सगळं पुन्हा करायचं. आमच्याकडे कंट्रोल टेक्निशियननेच बघायचा, रजिस्टरात बरोबरची खूण करायची आणि पेशंटच्या स्लाइड तेवढ्या आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवायच्या. मॅडम त्या खुणेवर विसंबायच्या.

त्या दिवशी मी थेंब सोडत होते आणि आमचे सीनियर, मोरेकाका, सकाळी खाऊन आलेल्या माडग्याचं कौतुक करत होते. मी विचारलं, माडगं म्हणजे काय?

"आरं गड्या, ही साताऱ्याची हाय म्हनं, आन् हिला माडगं म्हाईत न्हाई!" काका अटेंडंटला म्हणाले.

"इंग्लिश मीडियम हाय, काका. पॉरिज म्हना, पॉरिज!"

दोघं हसले. मीही हसले – आतून कितीही जळत असलं तरी मला छान हसता येतं. आणि त्या हसण्यात बी पेशींच्या अँटिबॉडीऐवजी स्लाइड धुण्याच्या द्रावणाचे थेंब पडले. दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही एकसारख्या बाटल्यांत. कंट्रोलवरही तेच, पेशंटच्या कापावरही तेच.

इथपर्यंत ती चूक होती. त्या चुकीचं मला फारसं काही वाटत नाही.

दुपारी कंट्रोल मायक्रोस्कोपखाली घेतला. निळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा. काय झालं ते मला लगेच कळलं. पुन्हा करायला किती वेळ लागला असता? पाच तास. ठोकळा हाताशी होता, सगळं होतं. फक्त एकदा तोंड उघडायचं होतं – काका, माझं चुकलं. आणि पुन्हा ते हसणं ऐकायचं होतं.

मी खूण केली.

मनाशी म्हटलं, पेशंटचा काप तसाही निळाच आला असता. असं कोण म्हणतं स्वतःला?

"कंट्रोल नीट आलाय ना गं?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."

सुईने काढलेला तुकडा, अगदी बारीक. दुसऱ्या कापावर टी पेशी मात्र भरपूर रंगलेल्या. रिपोर्ट गेला – टी पेशींचा लिम्फोमा.

रिपोर्ट न्यायला पेशंटची बायको आली, कराडजवळच्या मलकापूरहून. नवरा मिलिटरीतून निवृत्त झालेला. "बाय, वाचून दाव की. आमास्नी न्हाई कळत त्यातलं." मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. अगदी सोप्या मराठीत. तेव्हा मनात काय आलं, सांगू? काकांनी हे ऐकायला हवं होतं.

सात महिन्यांनी गाठ पुन्हा वाढली, नवा तुकडा आला. या वेळी बी पेशींचा काप सगळा तपकिरी. मॅडमनी जुना ठोकळा काढायला लावला, मी तोही रंगवला. तोही तपकिरी. त्यांनी रजिस्टर उघडलं, माझी खूण बघितली, आणि मिटलं. मग स्वतः बाहेर जाऊन पेशंटच्या घरच्यांना म्हणाल्या, "आमच्याकडून निदान चुकलं."

"डाक्टर हाय का कोण हाय तुमी? सात म्हैनं घालवलं आमचं!" मुलगा ओरडत होता. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. मी दारात ट्रे धरून उभी. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नाही. हे मला पक्कं माहीत आहे.

दुसरं औषध सुरू झालं, पण फार उशिरा. ते गेले.

काही आठवड्यांनी त्यांची बायको, मलकापूरच्या त्या काकी, कागदपत्रांसाठी जुने रिपोर्ट मागायला एकट्याच आल्या. मॅडमकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या.

"पोरी, तू खरं सांगशील. आदीच कळलं असतं, तर वाचलं असतं का गं आमचं मालक?"

"नाही, काकी," मी म्हणाले. "काही फरक पडला नसता."

त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. त्यांचं विचारणं तिथेच थांबावं, एवढंच मला हवं होतं.

काकींनी बराच वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. "मंग डाक्टरीणबाईस्नी उगंच बोललं आमचं पोरगं," म्हणाल्या. मग माझी दृष्ट काढावी तसे दोन्ही हात माझ्या गालांकडे आणले. मध्ये काउंटर होता. त्यांचे हात नीट पोचावेत म्हणून मी पुढे वाकले.