जावईबापूंचा हात

दर वर्षी नवी तुकडी आली की नर्सिंगच्या शाळेतल्या बाई ताठ उभ्या राहून सांगायच्या, "मी वॉर्डात उन्हाळे-पावसाळे काढलेत. नुसतं पुस्तकातलं शिकवत नाही." खरंच होतं ते. फक्त ते उन्हाळे-पावसाळे आता इतके जुने झाले होते की त्यांनाच पेन्शन लागू झाली असती. त्यानंतरची सगळी नोकरी बाईंनी एका रबरी पुतळ्याच्या उशाशी घालवली. दिवसभर लोळायचं आणि सगळ्यांकडून सेवा करून घ्यायची, म्हणून मुली त्याला जावईबापू म्हणत. जावईबापूंच्या शिरेतून लाल पाणी निघे आणि ते कधी 'आई गं' म्हणत नसत. अशा गुणी माणसापुढे कुणीही निष्णात ठरतं, हे बाईंना मनातून ठाऊक होतं.

मग शाळेने नियम काढला. शिकवणाऱ्यांनी वॉर्डात जाऊन खऱ्या रोग्याचं रक्त काढून दाखवायचं. जमलं तर वर्ग, नाहीतर भांडारात बसून चादरी मोजायच्या.

"जमेल ना गं?" नवऱ्याने विचारलं.

"न जमायला काय झालंय?"

"मग खुर्चीच्या हाताला चापट्या का मारतेयस मघापासून?"

बाईंनी बोटं उचलली. शीर शोधत होत्या.

वॉर्डाची सिस्टर त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. एकेकाळी बाईंनी तिला जावईबापूंपुढे रडू येईपर्यंत उभं केलं होतं. "या बाई," ती म्हणाली, "घाबरू नका हं." हे वाक्यही बाईंनीच शिकवलेलं, पण ते रोग्याला म्हणायचं असतं.

खाटेवर एक म्हातारा न्हावी होता. बाईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. शीर बोटाखालून सरकली. जावईबापूंची कधी सरकली नव्हती. बाईंची जीभ सवयीने सुरू झाली, "आता कातडी ताणायची. सुई तिरकी धरायची. इथे बहुतेक जणी चुकतात..."

न्हाव्याने हात ओढून घेतला. "चुकतात म्हणजे?"

"तुम्हाला नाही म्हटलं हो, आजोबा."

"मग कुणाला? हात तर माझाच आहे ना?"

शेजारची खाट खुसखुसली. सिस्टर खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

बाईंनी ओठ घट्ट मिटून पुन्हा सुई धरली. पण तोंड बंद तसा हातही बंद. इतक्या वर्षांत दोघांचा असा संसार जमला होता की एकावाचून दुसरं घराबाहेर पडेना. सुई हवेतच राहिली. बाईंच्या डोळ्यांपुढे चादरींचे गठ्ठे उभे राहिले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि हात पुन्हा पुढे केला. "बोला तुम्ही. बोलल्याशिवाय माझाही वस्तरा कधी चालला नाही. पण कापतं कुठे, ते मी गिऱ्हाइकाला सांगत नसे."

बाई बोलल्या. चुकण्याचं तेवढं गाळलं. नळीत रक्त उतरलं. गडद, संथ, कोमट. जावईबापूंचं किती खोटं लाल असतं, हे त्या पार विसरून गेल्या होत्या.

सिस्टरने सहीसाठी पेन काढलं. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि तिथूनच, वर्गातल्या खणखणीत आवाजात, बोलला, "हं, आता पुढचं कोण?"

वॉर्डभरचे हात पांघरुणांखाली गेले. सही करता करता सिस्टरनेही आपला डावा हात हळूच पाठीमागे नेला.